वृद्धकौशायनांचं वचन

बिशप हा मुळात दमलेला माणूस असतो, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगून टाकते. त्यांच्या डोक्यात उंच टोपी, हातात सोन्याची काठी, असलं काहीतरी असतं. मी म्हणते, बाबांनो, ते विसरा. हजार वर्षांपूर्वीचा बिशप म्हणजे घोड्यावर बसून पाठ मोडलेला, गावोगाव हिंडून लोकांची भांडणं मिटवणारा माणूस. कुणी मेहुणीशी लग्न केलंय. कुणाला गावाच्या दफनभूमीत पुरायचं की बाहेर, यावरून दोन घरांत हाणामारी झालीय. कुठल्या पाद्र्याने दारू पिऊन बाप्तिस्मा दिलाय, तो धरायचा की पुन्हा द्यायचा. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी छाती काढून विचारणार, हे कुठे लिहिलंय? म्हणून तो बिचारा पुस्तक जवळ बाळगायचा. विद्यार्थी मान हलवतात आणि टेबलाखाली फोन बघतात.

मी ऊर्मी. नागपूरची, पण आता निम्म्याहून जास्त आयुष्य टोरोंटोत गेलं. सेशनल लेक्चरर आहे, म्हणजे नोकरी राहिली की गेली ते दर टर्मला ईमेलवर कळणारी बाई. हिंदू बाई आणि चर्चचा कायदा, हे कसं काय, असं मराठी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत कुणीतरी विचारतंच. शाळेत नन्सनी लॅटिन शिकवलं, ते अंगाला चिकटलं, बाकी त्यात गूढ काही नाही. उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखतं.

माझं पुस्तक एका बिशपावर आहे. त्याचं नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. मी ते पुस्तक इतकी वर्षं लिहितेय की आता घरचे विचारतही नाहीत. या लोकांची कायद्याची पुस्तकं कशी तयार व्हायची ते बघण्यासारखं आहे. शेजारच्या बिशपाकडून त्याचं पुस्तक मागून आणायचं, लेखनिक बसवून हवं ते उतरवून घ्यायचं, नको ते गाळायचं, मग तिसऱ्याला आपलं पाठवायचं. शेवटी थोडी पानं कोरी ठेवायची, कारण नवीन भांडण कधी उपटेल याचा नेम नाही. माझ्या बिशपाने आणखी एक उद्योग केला. एखादं साधं वाक्य कुठल्या तरी बिननावाच्या लेखकाचं असलं, की त्याच्यावर जुन्या पोपचं नाव घालायचं. म्हणजे समोरचा गप्प. माझं पाचवं प्रकरण सगळं त्याच्यावर आहे आणि त्यात मी त्याला सरळ खोटारडा म्हटलंय.

दोन हजार सतराच्या नोव्हेंबरात शीला गेली.

शीला म्हणजे माझी इथली पहिली मैत्रीण. पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी एकाच फावड्याने दोन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला होता. तिचा नवरा लवकर गेला, त्यांची मुलगी अक्षरा तेव्हा शाळेत होती. त्याच्या अंत्यविधीला अग्नी कुणी दिला? श्रेयसने. श्रेयस म्हणजे शीलाच्या दिराचा मुलगा, तेव्हा वय सात-आठ, बूट उलटे घातलेले. आणि सख्खी मुलगी शेवटच्या रांगेत सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन बसली होती. कुणीतरी आणून टाकत गेलं आणि ती धरत गेली. मी तिच्या शेजारीच होते. त्या कोटांच्या ढिगामागून तिचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं.

 पुढे तिच्या स्वतःच्या शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलात, शीला माझा हात धरून म्हणाली, "ऊर्मी, माझ्या वेळी तिला मागे बसवू नका." मी म्हटलं, नाही बसवणार. मरणाऱ्या माणसाला आपण दुसरं काय म्हणणार? पण मी ते मनापासून म्हटलं होतं.

आता हे सगळं अडत होतं विश्वनाथरावांपाशी.

विश्वनाथराव आमच्या भागातले पुरोहित, म्हणजे तसे ते पूल बांधणारे इंजिनियर. रिटायर झाल्यावर सत्यनारायण सांगायला लागले, मग वास्तुशांती, मग लोक मरायला लागले तेव्हा तेही त्यांच्याच गळ्यात आलं. सत्तरी उलटली, गुडघे गेलेत, एक स्टेंट बसलाय. नॉर्थ यॉर्कच्या एका उंच काँडोत एकटे राहतात. एकुलती एक मुलगी, जयंती, कॅलगरीला. दक्षिणा दिली तर मंडळाच्या पेटीत टाकतात. इतका सज्जन माणूस, की त्याच्याशी भांडायचं म्हणजे स्वतःचीच लाज वाटते.

तरी मी भांडले.

शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी फोल्डर काढून ठेवलेलाच होता. तीन रिंगांचा, जाड, निळा. त्यातलं प्रत्येक पान वेगळ्या घरचं. नागपूरच्या पोथीचं झेरॉक्स, पुण्याच्या कुठल्याशा पुस्तिकेची चार पानं, ब्रॅम्पटनच्या गुजराती महाराजांकडून मिळालेल्या टिपा, मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालच्या देवदत्तांनी टाइप करून पाठवलेले मंत्र. मधेमधे विश्वनाथरावांच्या बारीक अक्षरात इथले नियम: फ्युनरल होमच्या चॅपेलमध्ये कापूर लावू नये, फायर अलार्म वाजतो. मडकं फोडू नये, नुसतं पाणी फिरवावं. दाहिनीचे बटण दाबणे हाच अग्नी समजावा. आणि शेवटी कोरी पानं. मी तो फोल्डर आधी कितीदा पाहिला होता, पण त्या सकाळी पहिल्यांदा नीट बघितला आणि मला हसावं की रडावं कळेना. लेखनिक नाही, घोडा नाही, बाकी सगळं तेच.

"हे बघा," त्यांनी बोट ठेवलं. नागपूरच्या झेरॉक्सवर छापलं होतं, मुलगा नसल्यास पुतण्याने अग्नी द्यावा, स्त्रियांनी मागे राहावे. खाली एका ऋषींचं भारदस्त नाव.

"हे नागपूरवाल्यांनी कुठून घेतलं?"

"ते मला काय माहीत?"

"मग तुम्ही कशाला घेतलंत?"

"कारण तेव्हा माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं."

माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. त्या पोरीने आईचं डायपर बदललंय, नोकरीवर पाणी सोडलंय, आणि तो श्रेयस दिवाळीला एक फॉरवर्ड पाठवतो, त्याने पुढे व्हायचं? तुम्हाला पटतं का हे? असं बरंच.

विश्वनाथराव उठले, कपात टी बॅग टाकली, गरम पाणी ओतलं, माझ्यापुढे ठेवलं. 

"ऊर्मीताई, मला काय पटतं याला कोण विचारतो?" ते म्हणाले. "मी जन्माचा भटजी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी नुसतं 'चालेल' म्हटलं, तर दीनानाथ भर चॅपेलमध्ये विचारणार, तू कोण चालवणारा? त्याचा फोन आलाच काल. श्रेयसला घेऊन येतोय, सगळं रीतीने झालं पाहिजे म्हणाला. हा फोल्डर आहे म्हणून मी आहे. मला एक वचन आणून द्या, नावासकट. मी तिलाच पुढे बोलावतो."

दीनानाथ म्हणजे शीलाचे दीर, श्रेयसचे वडील, ब्रॅम्पटनचे. भावाच्या वेळी कोटांचा ढीग पोरीच्या मांडीवर पडला तेव्हा पहिल्या रांगेत छाती काढून उभे असलेले. त्यांच्याशी बोलून काही होईल असं मला एक क्षणभरही वाटलं नाही.

"कुठून आणू वचन?"

"देवदत्तला विचारा. त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त पानं आहेत."

गाडीत बसूनच लव्हालला फोन लावला. देवदत्त मॉन्ट्रियलच्या एका कॉलेजात धातुशास्त्र शिकवायचे, आता तिकडचे अंत्यविधी तेच करतात. "सा व्हा, ऊर्मीताई?" असं फ्रेंचमधून खुशाली विचारतच त्यांनी फोन उचलला. मी शीलाची बातमी दिली आणि काय हवंय ते सांगितलं. त्यांनी शोधलं, कागद चाळल्याचा आवाज येत होता.

"आहे की. 'पुत्र नसता कन्येने अग्नी द्यावा, असे काही म्हणतात.'"

"काही म्हणजे कोण?"

"अहो, ते मला व्हँकुव्हरच्या एका गृहस्थांनी पाठवलं. त्यांना मॉरिशसहून आलं होतं. पुढचं मी विचारलं नाही. मी इकडे दोनदा वापरलंय, कुणी हरकत घेतली नाही. पाठवू का?"

पाठवा म्हटलं. आनंदाने विश्वनाथरावांना फोन केला, वाक्य वाचून दाखवलं. 

"'काही' नाही चालणार," ते म्हणाले. "दीनानाथ म्हणेल, काही म्हणजे कोण, तुमचे शेजारी? माझ्या पानावर ऋषींचं नाव आहे. याच्यावरही पाहिजे."

"नाव नाहीये हो त्याला. कुठून आणू?"

 ते म्हणाले, "ते तुमचं क्षेत्र आहे." आणि उद्या अकराचा स्लॉट आहे, पार्किंग मागच्या बाजूला करा, एवढं सांगून फोन ठेवला.

मी युनिव्हर्सिटीत गेले. माझं ऑफिस बेसमेंटमध्ये, आणखी तिघांबरोबर, खिडकी नाही. खरं तर लायब्ररीत धर्मशास्त्राचे मोठमोठे खंड आहेत, आणि त्यात मुलीच्या बाजूचं खरंखुरं वचन असेलही. नक्की असेल. मी वर जाऊन विचारून आले. ती पुस्तकं कुणी मागत नाही म्हणून गावाबाहेरच्या गोदामात ठेवलीत, सोमवारी येतील. आणि आली असती तरी माझं संस्कृत मॅट्रिकपुरतं. मी लॅटिनमध्ये जन्म घालवला आणि माझ्या मैत्रिणीच्या मरणाला ते काही उपयोगाचं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

टेबलावर पाचवं प्रकरण पडलं होतं. खोटारडा, खोटारडा, पानोपानी. मी त्याच्यावर किती वैतागले होते! एका तळटिपेत तर मी लिहिलंय की त्याला लाज कशी वाटली नाही. आता त्या बेसमेंटमध्ये बसून मला पहिल्यांदा वाटलं, की त्याच्याही समोर कुणीतरी बसलेलं असणार. काहीतरी साधं, न्याय्य मागणारं. दुसऱ्या बाजूला कुणी दीनानाथ, ढाल-तलवार घेऊन. आणि बिशपाला काय करायचं ते आधीच कळलेलं असणार, फक्त त्याच्यामागे उभं राहायला कुणी नसणार.

मी कंप्यूटर उघडला. नाव निवडायची त्याची पद्धत मला पाठ होती, मीच ती शोधून काढलीय. नाव जुनं हवं, ऐकायला भारदस्त हवं, आणि त्याचं पुस्तक कुणाच्याच घरी नको. 'असे काही म्हणतात' ही शेपूट मी कापून टाकली आणि वर डोकं लावलं: वृद्धकौशायन. असा कुणी ऋषी झाला की नाही, देव जाणे. 'वृद्ध' लावलं म्हणजे कुणी वाद घालणार नाही, असं वाटलं. फाँटही जुन्या पोथीसारखा निवडला, इथपर्यंत माझी मजल गेली. मग प्रिंट काढली. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना संदर्भ खोटा दिला तर शून्य देत आले.

शनिवारी चॅपेलमध्ये बर्फाचे बूट दाराशी काढून सगळे मोजक्या खुर्च्यांवर बसले. शीला लाकडी पेटीत, तिची निळी नारायणपेठी नेसून. दीनानाथ पुढे येऊन उभे राहिले आणि श्रेयसला हाताने पुढे ढकललं. श्रेयस आता थोराड झालाय, ट्रकिंग कंपनीच्या ऑफिसात आहे, सूट त्याला घट्ट होत होता. अक्षरा पेटीपाशी होती. दीनानाथना बघून ती आपसूक एक पाऊल मागे गेली, आणि मला ते बघवेना.

विश्वनाथरावांनी फोल्डर उघडला. आदल्या संध्याकाळी मी नेऊन दिलेला कागद त्यांनी रात्रीतून भोकं पाडून आत लावला होता, नागपूरच्या झेरॉक्सच्या बरोबर समोर. ते म्हणाले, "अक्षरा, पुढे ये."

"म्हणजे?" दीनानाथ म्हणाले. "श्रेयस आहे ना."

"पुत्र नसता कन्येने अग्नी द्यावा," विश्वनाथरावांनी वाचलं. इतक्या शांतपणे, की पुलाची मोजमापं वाचतायत असं वाटावं. "वचन आहे."

"कुणाचं?"

"वृद्धकौशायनांचं."

मी जमिनीकडे बघत राहिले.  दीनानाथ आता काय विचारतील, कुठला ग्रंथ, कुठला अध्याय, आणि मी उठून सगळं कबूल करेन की काय, हेही मला कळत नव्हतं.

दीनानाथनी थोडा विचार केला. मग मान हलवली. "हं," ते म्हणाले. "ऐकलंय नाव."

आणि ते बसले. खरं सांगते, त्या माणसावर मी इतकी वर्षं राग धरला होता, तो त्या 'हं'मध्ये निम्मा उतरला. त्यालाही बसायला काहीतरी निमित्त हवं होतं बहुतेक. श्रेयसने तर सुटकेचा श्वास सोडला तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. त्याने अक्षराच्या हातावरचा कोट घेतला, मग शेजारच्या आजींचा घेतला, आणि दोन्ही घेऊन मागे जाऊन बसला.

मंत्र अक्षराला रोमन लिपीत लिहून दिले होते. ती अडखळत, इंग्रजी वळणाने म्हणत गेली, विश्वनाथराव थांबत गेले. पाणी फिरवलं. मग आम्ही मोजकेच जण आतल्या खोलीत गेलो, जिथे भिंतीवर ते बटण आहे. अक्षराने माझ्याकडे बघितलं. "मावशी, डू आय जस्ट प्रेस इट?"

"हो बाळा. जोरात दाब."

तिने दाबलं, आणि "आई" म्हणाली, फक्त तेवढंच, मराठीत. मी तिच्या पाठीशी उभी होते आणि ढसाढसा रडले. शीलासाठी रडले, आणि त्या कोटांच्या ढिगामागच्या पोरीसाठी.

परतताना गाडीत अक्षरा म्हणाली, "मावशी, हू वॉज दॅट गाय? द ऋषी?"

"जुने होते," मी म्हटलं. "फार जुने."

"ही साउंड्स नाइस," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

हिवाळा कसाबसा सरला. पाचव्या प्रकरणातला 'खोटारडा' मी काढून टाकला आणि त्या जागी काय घालायचं ते काही सुचलं नाही, म्हणून प्रकरण तसंच पडून आहे. एप्रिलमध्ये, विंटर टायर्स काढायला गॅरेजमध्ये बसले होते, तर देवदत्तांचा ईमेल आला. त्यांनी आपल्या संग्रहाची नवी आवृत्ती केली होती आणि कॅनडाभर पाठवली होती. मी उघडून बघितलं. कन्येचं वचन होतं, 'असे काही म्हणतात' गेलं होतं, आणि पुढे छापलं होतं: वृद्धकौशायन, टोरोंटो प्रतीवरून. म्हणजे विश्वनाथरावांनी त्यांना माझा कागद पाठवला होता. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आता ते हॅलिफॅक्सपासून व्हँकुव्हरपर्यंत गेलं होतं, मॉरिशसलाही जाणार होतं, आणि ते परत घेणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

मी तडक विश्वनाथरावांकडे गेले. त्यांना दुसरा स्टेंट बसला होता, कोचावर शाल घेऊन पडले होते. मी म्हटलं, मला तुम्हाला काही सांगायचंय, त्या वचनाबद्दल.

"नका सांगू," ते म्हणाले. "हे ऋषी इथलेच, ते मला त्याच दिवशी कळलं."

"मग वाचलंत कशाला?"

"तुम्ही लिहिलंत कशाला?"

 त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मी नको म्हणत असताना फोल्डर ओढून घेतला आणि उघडला. माझा कागद आता प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये होता आणि मधून काढून पहिल्या पानावर आणला होता. नागपूरचं झेरॉक्स कुठे दिसलं नाही. 

"जयंती माझी गरीब आहे," ते म्हणाले. "लहानपणापासून तशीच. कुणी म्हणालं मागे हो, तर ती मागे होईल, वाद घालणार नाही. आणि कुणीतरी म्हणणारच, माझा एक पुतण्या आहे एडमंटनला." ते थांबले, दम लागला होता. "देवदत्त येईल माझा विधी करायला, पण तो भिडस्त आहे, आवाज बसतो त्याचा. तेव्हा नाव तुम्ही वाचा. मोठ्याने वाचा."

त्यांनी फोल्डर मिटून माझ्या मांडीवर ठेवला. जड होता. मी म्हटलं, वाचीन.

"मग द्या चहा करून," ते म्हणाले. "टी बॅग नको. आज आलं टाका."